मामुली नव्हे हा ‘मामूल’

बदलीने किंवा नव्या भरतीतून चेन्नईला गेलेल्या मराठी कामगाराला तमिळ भाषा सुरुवातीला फार परकी वाटते. पण सेंट्रल स्टेशनाबाहेरच्या रिक्षा थांब्यावर, पॅरीज कॉर्नरच्या फुटपाथवर किंवा चहाच्या टपरीवर एक शब्द वारंवार त्याच्या कानी पडतो आणि तो मात्र घरचा वाटतो. तो शब्द म्हणजे ‘मामूल’. आपल्याकडे मामूल म्हणजे रिवाज, नेहमीची रीत. मामुली म्हणजे किरकोळ. चेन्नईच्या रस्त्यावर त्याचा अर्थ वेगळा आहे. फेरीवाल्याने, रिक्षावाल्याने, लहान दुकानदाराने हवालदाराला, गल्लीतल्या दादाला किंवा कचेरीतल्या बाबूला ठरल्या दिवशी पोचवायची ठरलेली रक्कम म्हणजे तिथला मामूल. मुंबईत तिलाच हप्ता म्हणतात.

‘रिवाज’ या अर्थाचा एक साधा शब्द लाचेचे नाव कसा झाला, हा आज आमच्या अग्रलेखाचा विषय आहे. शब्दांच्या चर्चेला या पानावर जागा का, असे काही वाचक विचारतील. वेतन, महागाई भत्ता, पेन्शन हे प्रश्न सोडून ही कसली भाषेची हौस? आमचे उत्तर असे की जी गोष्ट कामगाराच्या खिशातून दर महिन्याला पैसे काढते आणि त्याची मान खाली घालायला लावते, ती प्रथम तिच्या नावानेच खपवली जाते. म्हणून त्या नावाची झडती घेणे हे संघटनेचेच काम आहे.

कामाच्या कुळातला शब्द

मामूल हा मूळचा अरबी शब्द. त्याच्या धातूचा अर्थ आहे काम करणे. याच धातूपासून आपला ‘अंमल’ आला, ‘अंमलदार’ आला, ‘अंमलबजावणी’ आली. ‘मामला’ आणि ‘मामलेदार’ हेही याच कुळातले. अरबीत काम करणाऱ्याला, म्हणजे कामगारालाही, याच धातूवरून ‘आमिल’ म्हणतात. मामूल म्हणजे जे केले जात आले आहे ते, अर्थात वहिवाट. फारसी ही राज्यकारभाराची भाषा असताना असे शेकडो शब्द मराठीत, तेलुगूत, कानडीत आणि तमिळमध्ये शिरले व तिथेच राहिले. इंग्रजांनी आपल्या हिंदी बोलीतील शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा कोश १८८६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातही मामूल आहे, आणि तिथे त्याचा अर्थ पूर्वापार चालत आलेली रीत एवढाच दिला आहे.

तेलुगूत ‘मामूलु’ आजही दोन्ही अर्थांनी वापरतात. तब्येत कशी आहे असे विचारले तर ‘मामूलु’, म्हणजे नेहमीसारखी. आणि कचेरीत काम अडले तर तिथेही ‘मामूलु’. उत्तरेकडची ‘दस्तुरी’ अशीच. दस्तूर म्हणजे रीत, आणि दस्तुरी म्हणजे रीतीप्रमाणे मधल्या माणसाने कापून घ्यायचा वाटा. आपला ‘हप्ता’ हा तर नुसता काळाचा हिशेब. फारसीत हफ्त म्हणजे सात, हफ्ता म्हणजे सात दिवसांचा आठवडा. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता आणि गुंडाचा हप्ता, तिन्हींना आपण एकच नाव दिले. या सर्व शब्दांत एक गोष्ट समान आहे. पैसे किती नेमाने जातात हे ते सांगतात. ते कशासाठी जातात याबद्दल मौन पाळतात.

याच्या उलट ‘लाच’ हा शब्द पाहा. संस्कृतात ‘लंचा’, कानडीत ‘लंच’, तेलुगूत ‘लंचम’ आणि तमिळमध्ये ‘लंजम’. मराठीतही तो पूर्वी ‘लांच’ असा अनुस्वार देऊन लिहीत. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारला जाणारा अनुस्वार गेला आणि आपण ‘लाच’ लिहू लागलो. कावेरीपासून गोदावरीपर्यंत शब्द एकच, आणि सर्वत्र तो शिवीसारखाच वापरला जातो. स्मृतिकारांचा ‘उत्कोच’ हाही असाच आरोप करणारा शब्द. लाचेवर जगणाऱ्या अधिकाऱ्याचे धन काढून घ्यावे आणि त्याला राज्याबाहेर घालवावे, अशी शिक्षा याज्ञवल्क्य स्मृतीने सांगितली आहे. शुद्ध तमिळचा आग्रह धरणारे लोक लाचेला ‘कैयूट्टु’ म्हणतात. कै म्हणजे हात, ऊट्टु म्हणजे भरवणे. आपणही पैसे ‘चारतो’, समोरचा ते ‘खातो’, आणि काम होण्यासाठी हात ‘ओले’ करावे लागतात. भाषा दोन, पण खाणाऱ्याचे चित्र एकच.

असे दोन प्रकारचे शब्द आपल्या भाषांत शेजारी शेजारी नांदत आहेत. लाच, लंजम, उत्कोच हे गुन्ह्याला गुन्हा म्हणतात. मामूल, दस्तुरी, हप्ता, चिरीमिरी, चहापाणी, खुशाली हे त्यावर पांघरूण घालतात. खिडकीपलीकडचा माणूस कधी ‘लाच द्या’ म्हणत नाही. तो म्हणतो, ‘नेहमीचे काय ते बघा.’ ‘लाच’ हा शब्द कोर्टात आणि वर्तमानपत्रात राहतो; खिडकीवर चालतो तो मामूल. कायदाही या मोहातून पूर्ण सुटला नाही. १८६० च्या दंड संहितेच्या १६१ व्या कलमात इंग्रजांनी जो शब्द योजला त्याचा अर्थ होता समाधान, खूष करणे. हिंदी मजकुरात त्याला ‘परितोषण’ म्हणतात. लोकसेवकाला ‘खूष’ करण्याचा हा शब्द १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातही आला आणि २०१८ च्या दुरुस्तीने त्या जागी अनुचित लाभ असा अर्थ आणणारी शब्दयोजना झाली.

पेशवाईतील ‘अंतस्थ’

लाचेला रिवाजाचे नाव मिळाले की पुढे काय होते, याचे उत्तम उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. पेशवाईच्या दफ्तरांत ‘दरबारखर्च’ किंवा ‘अंतस्थ’ अशा नावाने एक रक्कम येते. अंतस्थ म्हणजे आतून, गुपचूप दिलेले. पेशवाई बुडाल्यावर माऊंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात या रकमेची हकीगत आहे. मामलेदार आपला हिशेब सुरळीत पास व्हावा म्हणून दरबारातील कारभाऱ्यांना आणि हिशेब तपासणाऱ्यांना गुपचूप पैसे देत. हळूहळू ही लाच ठरीव फी बनली आणि इतर खर्चासारखी उघडपणे हिशेबात धरली जाऊ लागली.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, बरे झाले, निदान गोष्ट उघड झाली, दर ठरला. पण खरा धडा पुढे आहे. जुनी लाच फी झाल्यावर हिशेब पास करण्यासाठी लाच लागायची ती लागतच राहिली. म्हणून तिच्यावर आणखी एक नवी गुप्त रक्कम आली. तीही रयतेकडून वसूल झाली, आणि अशा नाजूक बाबींत तपासनीस फार खोलात शिरत नसल्याने मामलेदाराने वरच्यांच्या नावाखाली स्वतःसाठी त्याहून जास्त गोळा केले.

‘एकदा ठरलेला मामूल देऊन टाकला की कटकट मिटते’ असे जे आपल्याला सांगितले जाते ते खोटे आहे, हे यावरून दिसते. कटकट मिटत नाही. ती एक पायरी वर चढते. मामूल हा लाचेचा शेवटचा दर कधीच नसतो, पुढच्या लाचेसाठी तो तळाचा दर असतो. आणि मामलेदार, कारभारी, तपासनीस यांच्या या व्यवहारात ज्याची सही कुठेच नव्हती त्या कुणब्यानेच शेवटी सगळे पैसे भरले.

मद्रासच्या किल्ल्यातील कर्जे

दुसरे उदाहरण खुद्द चेन्नईचे आहे आणि त्यातही मराठी राज्याचा संबंध आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी स्थापिलेल्या तंजावरच्या राज्यावर १७७३ मध्ये तुळजाजीराजे होते. अर्काटचा नबाब महंमद अली याने त्या वर्षी कंपनीच्या फौजेच्या बळावर तंजावर घेतले. पुढे लंडनच्या संचालकांनी राज्य परत करण्याचा हुकूम दिला, आणि मद्रासचा नवा गव्हर्नर लॉर्ड पिगॉट याने १७७६ मध्ये तुळजाजींना पुन्हा गादीवर बसवले.

यावर किल्ल्यात गहजब झाला. कंपनीचा पॉल बेनफिल्ड नावाचा एक नोकर पुढे आला आणि म्हणाला की तंजावरच्या वसुलावर आणि उभ्या पिकांवर आपले सुमारे दोन लाख तीस हजार पौंड येणे आहे. कंपनीच्या साध्या नोकराकडे एवढी रक्कम कर्जाऊ द्यायला आली कुठून, हा प्रश्न पिगॉटने विचारला. पण मद्रासच्या कितीतरी बड्या गोऱ्या अधिकाऱ्यांचे हितसंबंध नबाबाच्या अशाच कर्जांत अडकले होते. कौन्सिलच्या बहुमताने २४ ऑगस्ट १७७६ रोजी आपल्याच गव्हर्नरला अटक करविली. तो कैदेतच १७७७ च्या मे महिन्यात मरण पावला. पिगॉट स्वतः काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. पहिल्या कारकिर्दीत तोही गबर होऊनच विलायतेला गेला होता. परंतु त्याला कैद झाली ती हिशेब विचारला म्हणून.

यातले शब्द पाहण्यासारखे आहेत. कंपनीच्या नोकरांनी हिंदी राजांकडून नजराणे घेऊ नयेत असा कायदा पार्लमेंटने १७७३ मध्येच केला होता. नजराण्याला बंदी, पण ‘कर्ज’ आणि ‘व्याज’ यांना बंदी नव्हती. १७८४ मध्ये ही कर्जे खरी की खोटी याची नीट चौकशी न करता ती कर्नाटकाच्या वसुलातून फेडण्याचा हुकूम लंडनहून सुटला, आणि १७८५ मध्ये एडमंड बर्कने पार्लमेंटमध्ये त्याविरुद्ध तोफ डागली. तोफेचा आवाज मोठा झाला, पण पैसे गेलेच; ते भरले कर्नाटकातल्या शेतकऱ्याने. पुण्यातल्या ‘अंतस्था’चा आणि मद्रासेतल्या ‘कर्जा’चा शेवट असा एकाच झोपडीत झाला.

‘पगार कमी म्हणून लोक खातात’ असे म्हणणाऱ्यांनी बेनफिल्डकडे पाहावे. तो काय उपाशी होता? तुटपुंज्या पगारावर माणसाला राबवणे हा सरकारचा अपराध आहे आणि त्याविरुद्ध आम्ही लढत आलो आहोत, पुढेही लढू. पण ती लढाई मामुलाचे समर्थन म्हणून कोणी वापरू नये. मामूल सर्वांत जास्त तिथे गोळा होतो जिथे पगारही सर्वांत जास्त असतो.

आपल्या खात्यांत

आता घराकडे वळू. रेल्वेतील भ्रष्टाचाराची चौकशी करण्यासाठी आचार्य कृपलानी यांच्या अध्यक्षतेखाली १९५३ मध्ये समिती नेमली गेली; तिने १९५५ मध्ये अहवाल दिला. पुढे १९६२ मध्ये के. संथानम यांची समिती आली. संथानम हे तमिळनाडूचे, आणि १९४८ ते १९५२ या काळात ते केंद्रात रेल्वे खात्याचे राज्यमंत्री होते. त्यांच्या १९६४ च्या अहवालाने आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या केंद्रीय दक्षता आयोगाने आपली सर्वांची ओळख आहे. कागद पुढे सरकण्यासाठी द्यावा लागणारा वेगाचा पैसा या अहवालाने नेमका ओळखला होता. देणाऱ्याला बेकायदा काही नको असते. हक्काचेच हवे असते, पण वेळेत हवे असते. कागद जेवढा अडतो तेवढा मामूल पिकतो. मग अडवणे हाच धंदा होतो.

आपल्या ट्रॅकमनला भविष्य निर्वाह निधीतून मुलीच्या लग्नासाठी अग्रिम हवा असतो. डाकसेवकाच्या विधवेला कुटुंब निवृत्तिवेतनाचा कागद हवा असतो. आजारी आईसाठी कोणाला गावाजवळ बदली हवी असते. यातले प्रत्येक काम नियमात बसते. तरीही अर्ज टेबलावर पडून राहिला की कोणीतरी हितचिंतक येऊन कानात सांगतो, ‘नेहमीचे आहे ते देऊन टाक.’ कंत्राटी कामगाराची गत तर अधिकच वाईट. पगार बँकेत जमा होतो आणि त्यातला काही भाग रोखीने मुकादमाच्या हातावर परत ठेवावा लागतो. कागदोपत्री किमान वेतन पूर्ण, हातात मात्र अर्धेमुर्धे.

दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. आपण सगळेच काही देणारे नाही. मनीऑर्डर आपल्या खात्याने १८८० मध्ये सुरू केली. मुंबईच्या गिरणीतून कोकणात आणि घाटावर जाणाऱ्या त्या पैशावर लाखो घरांच्या चुली पेटल्या. पोस्टमन घरातलाच माणूस असे. त्याला चहा मिळे, दिवाळीला पोस्त मिळे. (या पोस्ताचा आपल्या पोस्टाशी संबंध नाही, मोलकरीण, रामोशी, भंगी सर्वांनाच ती मिळे.) आचार नियमांनुसार पोस्तसुद्धा संशयास्पदच, हे आम्ही आमच्या सभासदांना स्पष्ट सांगतो. पण पोस्त आणि मामूल यांतला फरक प्रत्येक म्हातारीला कळतो. पोस्त नाही दिली तरी पुढच्या महिन्याची मनीऑर्डर येत असे. निराधार योजनेचे पैसे देताना दहा-वीस रुपये आधीच कापून घेणारा जो कोणी असेल, त्याने घेतलेली पोस्त नव्हे. न दिल्यास काय होते, हा एकच प्रश्न विचारावा. काहीच होत नसेल तर ती भेट. काम अडत असेल तर ती लाच, मग तिला नाव कोणतेही द्या.

रेल्वेत तर हा प्रश्न जिवाचा आहे. चेन्नईत १९९६ साली निघालेला ‘इंडियन’ हा तमिळ चित्रपट आपल्याकडे ‘हिंदुस्तानी’ नावाने पुष्कळांनी पाहिला. ब्रेक सदोष असलेल्या बसला पैसे घेऊन योग्यतेचा दाखला दिला जातो आणि शाळकरी मुले मरतात, हा त्यातला प्रसंग कोणी विसरलेला नाही. त्यातला म्हातारा स्वातंत्र्यसैनिक लाचखोरांना एकेकट्याने मारत सुटतो. टाळ्या पडतात, पण मामूल सुऱ्याने मरत नाही, कारण तो एका माणसाचे पाप नसतो, खिडकीमागून खिडकीपर्यंत पसरलेली व्यवस्था असते. ज्या ठेकेदाराने मामूल पोचवला आहे त्याचा माल नाकारण्याची हिंमत कोण करणार? आणि तो माल ज्या रुळाला लागेल त्या रुळावर पहाटे हातोडा घेऊन चालणारा आपलाच भाऊ असतो.

आता काय करावे

नुसता उपदेश करून हे पान संपवणे आम्हाला मान्य नाही. आमच्या सूचना अशा आहेत.

पहिली गोष्ट, प्रत्येक शाखेने बदली, अग्रिम, निवृत्तिवेतन, अनुकंपा नेमणूक या अर्जांची स्वतंत्र नोंदवही ठेवावी. अर्ज कोणत्या तारखेला दिला, कोणत्या टेबलावर किती दिवस आहे, हे त्यात असावे. महिन्याच्या बैठकीत ती वाचून दाखवावी आणि उशिराचे कारण प्रशासनाला लेखी विचारावे. एकट्याने विचारले तर उत्तर मिळत नाही. शाखेच्या पत्राला द्यावे लागते. तेवढ्याने भागले नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच.

दुसरी गोष्ट, कायदा नीट समजून घ्यावा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र ज्याला सक्तीने द्यावी लागली त्याने सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेकडे तक्रार केली तर त्याला संरक्षण आहे. आधीच कळवून सापळ्यासाठी पैसे देणाऱ्यालाही आहे. घाबरलेल्या सभासदाला त्या सात दिवसांत सोबत घेऊन जाणे हे शाखा सचिवाचे काम समजावे. ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणून चालणार नाही.

तिसरी गोष्ट, युनियनच्या नावाने कोणी बदलीचे किंवा नेमणुकीचे पैसे मागत असेल, तर तो पदाधिकारी असो की साधा सभासद, त्याला संघटनेत जागा नसावी. युनियनच्या वर्गणीची पावती मिळते आणि तिचा हिशेब वार्षिक सभेत मांडला जातो. मामुलाची पावती मिळत नाही. आपल्या आणि त्यांच्या पैशांत एवढाच फरक आहे, पण तो जपला नाही तर प्रशासनासमोर उभे राहून बोलण्याचा आपला अधिकार जातो.

आणि चौथी गोष्ट आपल्या जिभेची. चेन्नईतल्या आमच्या वाचकांनी तमिळ सहकाऱ्यांशी बोलताना मामूल हा शब्द टाळून त्यांचाच ‘लंजम’ हा शब्द वापरून पाहावा. मुंबई-पुण्यात, नागपुरात, सोलापुरात ‘चहापाणी’, ‘नेहमीचे’, ‘वरचे’ हे शब्द ऐकू आले की शांतपणे विचारावे, ‘म्हणजे लाच का?’ समोरच्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. पुष्कळदा तेवढ्यानेच कागद सरकतो. नाही सरकला तर नोंदवही, पत्र आणि तक्रार आहेच.

याच चेन्नईत १९१८ साली बिन्नीच्या गिरणी कामगारांनी मद्रास लेबर युनियन उभी केली आणि १९२३ साली सिंगारवेलर यांनी देशातला पहिला मे दिन साजरा केला. त्या काळी बारा-बारा तासांचा दिवस हाही ‘मामूल’च होता. पूर्वापार चालत आलेली रीत म्हणून मालक ती सांगत होते, आणि कामगारांनी ती मोडली. आजचा मामूलही माणसांनीच पाडलेली रीत आहे. मामूल म्हणजे ‘जे केले जाते ते’ एवढाच त्या शब्दाचा मूळ अर्थ. आपण ते करायचे थांबवले की शब्दही आपोआप मूळ पदावर येईल.